शेवटचा हात

एका गावात एक तळं होतं आणि तळ्याच्या काठी मुलींचं कॉलेज. थंडी पडली की तळ्यातून धुकं उठायचं आणि सरळ कॉलेजच्या मैदानावर येऊन बसायचं. सकाळी इमारत दिसायची नाही, घंटेचा खांब दिसायचा नाही, मुली तेवढ्या हसताना ऐकू यायच्या. गावातली म्हातारी माणसं म्हणायची, तळं रात्रभर स्वप्नं बघतं आणि पहाटे ती काठावर सांडतात. असेलही. त्या मैदानावर पाऊल टाकलं की माणसाचा आवाज आपोआप हळू व्हायचा, एवढं मात्र खरं.

या कॉलेजात कुमुद दातीर नावाच्या बाई होत्या. हुद्दा भारदस्त होता: मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षक. मुख्य अशासाठी म्हणायचं, की दुसरं कुणी नव्हतंच. चेंडूत हवा त्याच भरायच्या, चुन्याच्या रेषा त्याच आखायच्या, आणि "आमची पोरगी चारचौघांत अर्ध्या चड्डीत पळणार व्हय?" असं विचारणाऱ्या आईबापांच्या घरी चहा पिऊन, त्यांना समजावून, पोरीला मैदानावर घेऊनही त्याच यायच्या. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते आणि गळ्यातली शिट्टी नवी होती.

पहिल्याच हिवाळ्यात घोळ झाला. चेंडू रेषेबाहेर गेला, की त्याला शेवटचा हात जिचा लागला तिच्या संघाने तो गमवायचा आणि समोरच्यांना द्यायचा, हा या खेळाचा कायदा. पण धुक्यात हात दिसणार कसा? रोज भांडणं. "तुझा लागला." "माझा कुठला, तुझाच." एके सकाळी बाई वैतागल्या. त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून पर्समध्ये टाकली.

"हे बघा, मला काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या बोटांना कळतं. जिचा हात शेवटी लागला, तिने आपलं नाव सांगायचं. मी विचारणार नाही आणि ओरडणारही नाही."

खेळ सुरू झाला. चेंडू कुठेतरी टप्पा खात बाहेर गेला. धुक्यात कुणी हललं नाही. मग रेश्मा तांबोळी नावाच्या मुलीने घसा खाकरला आणि म्हणाली, "मी, रेश्मा." बाईंना इतकं बरं वाटलं, की त्यांनी तिला तिथल्या तिथे कप्तान करून टाकलं.

तेव्हापासून तीच रीत पडली. सकाळी तळ्यावरून जाणाऱ्या माणसाला मैदान दिसायचं नाही, नावं ऐकू यायची. मी, चंदा! मी, रेश्मा! मी, फुलवंती! नव्या माणसाला वाटायचं, कॉलेजवाले पहाटेच हजेरी घेतात की काय.

धुक्यातली रीत उन्हात मात्र महाग पडू लागली. बाहेरगावच्या मैदानांवर लख्ख ऊन असायचं, पंच असायचे, आणि पंचांचीही चूक व्हायची. पंच चुकून चेंडू बाईंच्या संघाला द्यायचे आणि बाईंचीच एखादी पोर हात वर करून म्हणायची, "मी, चंदा." पंच बुचकळ्यात पडायचे. समोरच्या मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या आणि चेंडू घेऊन पळायच्या. अशाने बाईंचा संघ कितीदा जिंकता जिंकता हरला. गावाने नावं ठेवली. "दातीरबाईंच्या पोरी खेळायला जातात का कबुलीजबाब द्यायला?" असं पानाच्या टपरीवरसुद्धा बोललं जायचं. बाई ऐकायच्या आणि चुन्याची बादली घेऊन रेषा आखायला निघायच्या. त्यांना वाईट वाटत नसे असं नाही. एकदा तरी कॉलेजांच्या स्पर्धेचा करंडक आपल्या कपाटात बघावा, ही इच्छा त्यांच्या मनात होतीच.

हिवाळे गेले. रेश्मा शिकून लांबच्या शहरातल्या कॉलेजात स्वतःच प्रशिक्षक झाली. बाईंचे केस पांढरे झाले. आणि निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना त्यांचा संघ पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचला. सामना होता त्यांच्याच मैदानावर, आणि समोर होता रेश्माचा संघ.

प्राचार्य त्र्यंबक उमराणी यांनी बाईंना बोलावून घेतलं. प्राचार्यांना सगळ्या गोष्टी सरळ रेषेत लागायच्या, टेबलावरची पेन्सिलसुद्धा. "बाई," ते म्हणाले, "यंदा करंडक आला नाही तर संघ बंद करतो. मैदानावर गाड्या लावायची सोय करू. आणि स्पष्टच सांगतो, कॉलेजचं नाव काढायचं असेल, तर ते नाव सांगणं बंद करा."

बाई मैदानावर आल्या. संध्याकाळ होती, तळं शांत होतं, एक टिटवी ओरडत होती. त्यांना त्या जागी ओळीने उभ्या केलेल्या गाड्या दिसू लागल्या. आपण उद्या नसू, ते चालेल. पण या मुली नसतील, यांच्यानंतरच्या नसतील, सकाळी तळ्याकाठी कुणाचंच नाव ऐकू येणार नाही. त्यांनी मुलींना जवळ बोलावलं.

"उद्या पंच आहेत," त्या म्हणाल्या. "पंचांना दिसेल ते खरं. आपण होऊन कुणी नाव सांगायचं नाही."

"आन् पंचांना दिसलंच न्हाई तर, बाई?" सगुणा कोळेकरने विचारलं. सगुणा सगळ्यात उंच होती, आणि सगळ्यात भाबडी.

"तर गप्प राहायचं." हे म्हणताना बाई तिच्याकडे बघू शकल्या नाहीत. त्या तळ्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी धुकं असं उतरलं, की तळं कुठे संपतं आणि मैदान कुठे सुरू होतं ते कळेना. पंच म्हणाले, थांबू या. पण प्रमुख पाहुण्यांना दुपारी दुसऱ्या गावी फीत कापायची होती, त्यामुळे सामना सुरू झाला. रेश्मा वाकून बाईंच्या पाया पडली. "बाई, माहेरी आल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

खेळ कसला, स्वप्नच होतं ते. पांढऱ्यातून एखादा हात यायचा, एखादी वेणी उडताना दिसायची, चेंडूचा टप्पा जवळ यायचा आणि लांब जायचा. मधूनच जाळी सळसळायची, मग कळायचं की बास्केट झालं. आणि मग, खेळ थोडा रंगल्यावर, धुक्यातून एक अनोळखी आवाज आला: "मी, कमल!"

बाई दचकल्या. ती रेश्माच्या संघातली मुलगी होती. थोड्या वेळाने दुसरी: "मी, ऐश्वर्या!" रेश्माने आपल्या मुलींना तीच रीत लावली होती. लख्ख उन्हाच्या शहरात, जिथे तिची काही गरज नव्हती, तिथे. बाईंच्या अंगावर आधी सुखाचा काटा आला. मग त्यांना आठवलं, की त्यांच्या स्वतःच्या मुली आज गप्प आहेत.

तोवर बाईंच्या मुलींवर तशी वेळ आली नव्हती. पंचांना जेवढं दिसलं तेवढं बरोबर दिसत गेलं. सामना संपत आला तेव्हा बाईंचा संघ एका गुणाने पुढे होता. तेवढ्यात बाई बसल्या होत्या त्यांच्या समोरच, अगदी रेषेपाशी, झटापट झाली आणि चेंडू बाहेर गेला. इतके हिवाळे धुक्यात काढल्यावर बाईंचे कान तयार झाले होते. चेंडूवर शेवटचं नख घासलं ते सगुणाचं, हे त्यांना लगेच कळलं.

पंचांना कळलं नाही. त्यांनी शिट्टी वाजवली आणि ते घुटमळले. सगुणा हात पाठीमागे लपवून उभी होती. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. ती बाईंकडे बघत होती.

"ताई, त्यांचाच लागला वाटतं," कमल आपल्या प्रशिक्षिकेला म्हणाली.

"नाव आलं का?" रेश्माने विचारलं.

"नाही."

"मग नाही लागला. दातीरबाईंच्या मुली आहेत त्या. चला, मागे या."

आणि रेश्माच्या मुली कुरकुर न करता मागे फिरल्या. पंचांनी चेंडू बाईंच्या संघाकडे दिला. आता तो थोडा वेळ हातात खेळवत ठेवला, की झालं. करंडक आला, संघ राहिला, मैदान राहिलं. बाई हे सगळं मनात म्हणाल्या, आणि त्यांना त्यातलं काहीच गोड लागेना. रेश्माने एकदा तरी आपल्यावर संशय घ्यायला हवा होता, असं त्यांना वाटलं. संशय घेतला असता तर सोसलं असतं. हा विश्वास त्यांना सोसेना.

त्या उठल्या. "पंच, थांबा. शेवटचा हात माझा."

"तुमचा?" पंच चक्रावले. "बाई, तुम्ही तर बाहेर बसलाय."

"चेंडू सगुणाच्या बोटाला लागून गेला. ती सांगणार होती. पण कालपासून तिच्या तोंडावर माझा हात आहे." बाईंचा आवाज मैदानभर ऐकू गेला. "मी, कुमुद."

मग सगुणाने कोंडलेला श्वास सोडला आणि रडतरडत ओरडली, "मी, सगुणा!"

चेंडू समोरच्यांना गेला. तो पांढऱ्यात शिरला, दोनदा टप्पा ऐकू आला, आणि मग नुसती जाळी सळसळली. लगेच शेवटची शिट्टी झाली. बाईंचा संघ हरला होता. प्रमुख पाहुणे घाईघाईने करंडक देऊन फीत कापायला निघून गेले. प्राचार्य बाईंकडे न बघता एवढंच म्हणाले, "उद्या मैदानाची मोजणी करतो."

बाई चेंडू गोळा करत होत्या. त्यांना रडू येत होतं आणि त्याच वेळी छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटत होतं. रेश्मा शेजारी येऊन चेंडू उचलू लागली. तिने काही विचारलं नाही. चेंडू गोळा झाल्यावर म्हणाली, "बाई, आज आम्ही गावातच मुक्काम करतो. सकाळी माझ्या मुलींना तुमच्या मुलींत मिसळून खेळू द्याल? मैदानावर गाड्या लावणार म्हणे, त्या येईपर्यंत तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यात कोण कुठल्या संघाची ते कुणालाच कळत नव्हतं. नावं तेवढी उठत होती. मी, कमल! मी, सगुणा! बाई रेषेवर डोळे मिटून ऐकत बसल्या होत्या. शेवटचं ऐकून घ्यावं, असं त्यांच्या मनात होतं.

अशात मोजपट्टी घेऊन प्राचार्य आले. मैदान कुठे सुरू होतं ते त्यांना दिसलं नाही, आणि ते थेट खेळाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. कुणाच्या तरी हातून सुटलेला चेंडू दाणकन त्यांच्या खांद्यावर आदळला आणि बाहेर गेला. खेळ थांबला. सगळ्या जणी नावाची वाट बघू लागल्या. नाव येईना.

प्राचार्यांना कुणी पाहिलं नव्हतं. दोन पावलं मागे गेले असते, तर कुणाला कधी कळलंही नसतं. पण चारी बाजूंनी माणसं गप्प उभी होती, आणि त्या गप्प राहण्यात जराही संशय नव्हता. नुसती वाट बघणं होतं. आयुष्यात प्राचार्यांची अशी वाट कुणी बघितली नसावी. त्यांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

"मी..." धुक्यातून एक बारीक आवाज आला. "मी, त्र्यंबक."

मग सगुणा म्हणाली, "चेंडू आमचा, सर!" आणि सगळं मैदान हसत सुटलं. बाईंनी डोळे उघडले. प्राचार्यही हसत होते म्हणतात, पण धुकं फार होतं, खात्रीने कोण सांगणार? मोजपट्टी मात्र त्यांच्या खिशातून बाहेर आली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. कॉलेजचं नाव काढायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

बाई पुढे निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी ती शिट्टी सगुणाला दिली, आणि आता ती सगुणाच्या पर्समध्येच असते. थंडीच्या दिवसांत त्या तळ्यावरून कधी गेलात तर थांबून ऐका. मैदान दिसणार नाही, मुली दिसणार नाहीत. नावं तेवढी ऐकू येतील.

तात्पर्य: जो आपली चूक आपल्या नावानिशी सांगतो, त्याच्या गप्प राहण्यावरही लोक विश्वास ठेवतात, म्हणून जिंकण्यासाठी तो विश्वास कधी विकू नये.