कोठाराचं तिसरं दार

एक डोंगर होता. डोंगराच्या उतारावर साळिंदरं राहत होती. वर राहणाऱ्यांच्या वस्तीला वरवाडी म्हणत आणि खाली राहणाऱ्यांच्या वस्तीला तळवाडी. दोन्हींच्या मध्ये एक ओढा होता. तो इतका लहान होता की साळिंदराचं पिल्लूही तो उडी न मारता ओलांडायचं.

दोन्हीकडची साळिंदरं सारखीच होती. तीच काळी-पांढरी काटेरी पाठ, तेच घोरणं, दुसऱ्याचं बीळ आपल्यापेक्षा मोठं आहे का हे वाकून बघायची तीच खोड. सोयरिकी एकमेकांतच व्हायच्या. त्यामुळे भांडणं व्हायची ती घरातली, आणि घरातल्या भांडणाला झेंडा लागत नाही.

कोठारही दोघांचं मिळून एकच होतं, ओढ्याकाठच्या खडकात. पावसाळाभर उकरलेल्या कंदांच्या चकत्या करायच्या, आपापल्या गळालेल्या काट्यांत ओवायच्या, वाळवायच्या आणि कोठारात टांगून ठेवायच्या. उन्हाळ्यात जमीन दगडासारखी झाली की सगळ्यांनी त्यावरच दिवस काढायचे. कोठाराला दोन दारं होती, एक वरवाडीकडे आणि एक तळवाडीकडे. डोंगरावर राज्य तरसाचं होतं. त्याने मागच्या बाजूला तिसरं दार पाडून घेतलं. "पाहणीसाठी," असं तो म्हणाला आणि हसला. तरस कशालाही हसतो, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

सुगी संपली की दोन्ही वस्त्यांचा फुटबॉलचा सामना व्हायचा. चेंडू शेवरीच्या कापसाचा. काटेवाल्यांनी कापसाच्या चेंडूने खेळायचं म्हणजे जपूनच खेळायला हवं. म्हणून पंच असलेलं म्हातारं कासव आधी ओरडायचं, "काटे मिटा!" सगळे आपापले काटे पाठीला चिकटवून घेत आणि मगच खेळ सुरू होई. हरणाऱ्या वस्तीने जिंकणाऱ्या वस्तीला जेवू घालायचं, असा रिवाज होता. काही जण जेवणाच्या आशेने जीव तोडून खेळत, बाकीचे स्वयंपाकाच्या धास्तीने.

अशाच एका पंगतीत वरवाडीच्या ठकूबाईने विषय काढला. ठकूबाईची लेक येसू तळवाडीत दिली होती, त्यामुळे तिला दोन्हीकडे बोलायची सवय होती.

"यंदा कोठार भरल्यासारखं दिसतच नाही. आपण टांगतो तेवढंच टांगलंय. मग जातंय कुठं?"

"मी पण घरी तेच म्हणालो," तळवाडीचा एक म्हातारा म्हणाला. "ते मागचं दार हाय ना..."

वर झाडावर राजाचा दिवाण, उदमांजर, बसलेला होता. पुढचं ऐकायलाही तो थांबला नाही.

"एका पंगतीत बसतात?" तरसराजाने विचारलं.

"मांडीला मांडी लावून, महाराज."

"आणि जेवताना बोलतात?"

"बोलतात."

"हा तर राज्याला फार मोठा धोका आहे," राजा म्हणाला आणि पोट धरून हसला.

लगेच मोठी सभा भरली. "माझ्या काटेरी बांधवांनो!" राजाने सुरुवात केली. "तुम्ही इतकी वर्षं काटे मिटून खेळलात. काटे मिटणं म्हणजे मान खाली घालणं! हा अन्याय मला आता बघवत नाही. आजपासून काटे उभे ठेवूनच खेळायचं!" टाळ्या पडल्या. मग राजाने दोन संघ जाहीर केले. वरवाडीला जांभळा रंग देऊन तिच्या संघाचं नाव ठेवलं वाघ क्रीडा मंडळ. तळवाडीला हळदीचा रंग मिळाला आणि नाव मिळालं सिंह क्रीडा मंडळ. त्या डोंगरावर वाघही नव्हता आणि सिंहही नव्हता, पण साळिंदरांचा ऊर भरून आला. वाघांचा अध्यक्ष राजाचा मेहुणा झाला, सिंहांचा अध्यक्ष राजाचा पुतण्या. जेवणाचा रिवाज बंद झाला, कारण जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या हातचं खाणं अपमानाचं ठरलं. ज्यांना काल रात्री शेजाऱ्याकडचं कालवण आवडलं होतं, त्यांनाही ते आता अपमानाचंच वाटायला लागलं.

परगावची साळिंदरं विचारतात, पलीकडच्या डोंगरावर अस्वलं असताना हे शेजाऱ्यांवरच का उठले? अहो, अस्वलांशी वैर करायचं तर आधी डोंगर ओलांडावा लागतो, आणि अस्वल मारतंही. शेजारी सोयीचा असतो. त्याचं हसणं आपल्या बिळापर्यंत ऐकू येतं. शिवाय तो दिसतो आपल्यासारखाच, त्यामुळे आपण त्याच्याहून वेगळे आहोत हे दिवसातून दहा वेळा ओरडून सांगावं लागतं. "वरचे आम्ही, वरच राहू!" वरून आवाज येई. "पाणी शेवटी खालीच येतं!" खालून उत्तर जाई. अंगावरचा रंग धुऊन जाईल म्हणून दोन्हीकडच्यांनी आंघोळ सोडली. त्याला निष्ठा म्हणायची पद्धत पडली.

मग नव्या नियमाने पुन्हा सामना झाला. काटे उभे, चेंडू कापसाचा. व्हायचं तेच झालं. पहिल्याच झुंबडीत चेंडू फाटला. अर्धा कापूस तळवाडीने मारलेल्या लाथेबरोबर गोलात गेला आणि अर्धा वाऱ्यावर उडाला. आता हा गोल धरायचा की नाही? कासव म्हणालं, "चेंडूच उरला नाही, तर गोल कसला?" त्याला दोन्ही संघांनी मिळून उलटं करून ठेवलं. त्या मोसमात दोन्ही वस्त्यांनी एकत्र केलेलं ते एवढंच काम.

टिटवी रोज संध्याकाळी खडकावर बसून या विषयावर चर्चा घेऊ लागली. किती कापूस आत गेला म्हणजे गोल? वारा कोणाच्या बाजूचा होता? वाऱ्याला कोणाची फूस होती? निकाल लागेपर्यंत समोरच्याला कोठारातली एक चकतीही मिळू द्यायची नाही, असं दोन्ही मंडळांनी ठरवलं. वरवाडीच्या दारावर तळवाडीने पहारा बसवला, तळवाडीच्या दारावर वरवाडीने. तिसऱ्या दाराशी कुणाचंच वैर नव्हतं, म्हणून तिथे पहारा नव्हता.

उन्हाळा लागला. जमीन उकरता येईना. दोन्हीकडे पोटं खपाटीला गेली, तरी घोषणा कमी झाल्या नाहीत. इकडे येसूचे दिवस भरले. बाळंतिणीचा पहिला घास आईने ओवलेल्या कंदाचा, ही तिथली रीत. ठकूबाईने सुगीतच येसूसाठी काटाभर कंद वेगळा टांगला होता. काटाही तिने आपल्या आईचा वापरला होता. तो टोकाला तांबूस होता, तसा काटा डोंगरात दुसरा नव्हता.

ती वरवाडीच्या दाराशी गेली. पहाऱ्यावर अंगाला हळद फासून तिचाच जावई कोंडाजी उभा होता.

"जावईबापू, सरका. येसूचा कंद काढायचाय."

"सासूबाई, आधी म्हणा, गोल झाला होता."

"अहो, बायको तुमची अडलीये!"

"बायको घरची आहे, सासूबाई. संघ रक्ताचा आहे."

ठकूबाईला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण कान काट्यांत होता. "झाला बाबा गोल," ती म्हणाली. "दहा झाले म्हणा. जाऊ द्या मला आत."

हे मागे उभ्या असलेल्या जांभळ्या टोळक्याने ऐकलं. "ठकूबाई फुटली!" एकच ओरड झाली आणि अख्खी वरवाडी धावली. त्यांना बघून अख्खी तळवाडी धावली. तेवढ्यात ठकूबाई आत जाऊन बाहेरही आली. तिच्या हातात काहीच नव्हतं.

"कोठार रिकामं हाय," ती म्हणाली. "एक चकती नाही राहिली. मागचं दार सताड उघडं हाय, आणि तिथून राजाच्या वाड्यापर्यंत कंदाचा चुरा सांडलाय. जाऊन बघा डोळ्यांनी!"

कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं, मग शेजारच्याच्या, आणि कुठल्या रंगाचं पोट गुरगुरतंय हे कळेना. दोन-चार जणांनी काटे मिटले. कोंडाजीनेही मिटले. मला खरंच वाटलं होतं की आता ही मंडळी मागच्या दाराकडे वळणार.

"ताजी बातमी!" टिटवी किंचाळली. "त्या गोलची फेरचौकशी होणार! उडालेला कापूस शोधायला खास पथक निघालं!"

काटे पुन्हा उभे राहिले. वरवाडीला एकदम आठवलं की तळवाडी पहिल्यापासूनच चोर आहे. तळवाडीलाही वरवाडीबद्दल नेमकं तेच आठवलं. त्याच रागात राजाने दरबाराची निवडणूक लावली. वरून मेहुणा निवडून आला, खालून पुतण्या, आणि राजाला बहुमत मिळालं.

येसू बाळंत झाली. साळिंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे काटे मऊ असतात, बोटाने सहज निजतात. ते कडक व्हायच्या आधी दोन्ही मंडळांचे कार्यकर्ते रंग घेऊन बिळापाशी हजर झाले. खायला कुणीच काही आणलं नव्हतं.

आणलं ते राजाने. घरोघर एकेक पिशवी आली, पिशवीवर तरसाचं हसरं चित्र होतं. ठकूबाईने येसूची पिशवी उघडली. आत कंदाच्या तीन चकत्या होत्या, टोकाला तांबूस असलेल्या काट्यात ओवलेल्या. बाकीचा काटा रिकामा होता. तिने त्या चकत्या लेकीला भरवल्या.

बाहेर राजाचे आभार मानायला दोन्ही वस्त्या निघाल्या होत्या. मिरवणुका अर्थातच वेगवेगळ्या होत्या.