कानातली बोटं

"बाबा, आता माझी आई पानी कशी पिनार?"

मुनीर मशिदीच्या गच्चीवर मुका माइक धरून उभा होता. लाइट नेमकी आत्ता गेली होती. दिवस बुडाला होता, आणि रमजानचा रोजा सोडायला सगळ्या गावाचे कान त्याच्याकडे लागले होते.

कठड्याला टेकून लाडलेबाबा बसले होते. म्हातारा फकीर. मुनीरला अजान त्यांनीच शिकवली.

"तोंडानं पिईल," बाबा म्हणाले.

"चेष्टा नको, बाबा! माझी अजान ऐकल्याबिगर ती घोट घेत न्हाई. दिवसभर उन्हात कांदं काढलंय तिनं!"

हे खरं होतं. त्याची आई, हुरमतचाची, ओढ्यापलीकडे माळावरच्या वस्तीत राहायची. मशिदीवर भोंगा बसला त्या दिवसापासून तिचा हा हट्ट, साऱ्या शिवाराला माहीत असलेला. घड्याळ बघायची नाही, बुडता दिवस बघायची नाही. लेकाचा आवाज आला की मगच पाण्याला हात. मुनीरला त्याचा कोण अभिमान! त्याची अजान गोड होती, आणि ते गावात सगळ्यात जास्त त्यालाच ठाऊक होतं.

"फोन लाव की तिला."

"टावरबी बंद पडलाय. मी पळतच जातो वस्तीवर!"

"आधी अजान दे."

"भोंग्याबिगर? कुनाला ऐकू जानार?"

बाबांनी वर आभाळाकडे बोट केलं.

"त्याला जाईल, बाबा. पन आईला?"

बाबांनी खजुराची पुडी सोडायला घेतली.

मुनीरने माइक खाली ठेवला. रीतीप्रमाणे दोन्ही कानांत बोटं घातली आणि अजान दिली. अशी त्याने आजवर कधी दिली नव्हती. मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी शेवटी तर आवाजच फाटला.

खाली अंगणात लोकांनी रोजा सोडला. बाबांनीही बिस्मिल्ला म्हणून खजूर तोंडात टाकला. दुसरा मुनीरपुढे धरला.

"मी न्हाई खानार! आई तिकडं तहानलेली, आन् तुम्ही खुशाल चघळताय?"

"वेळ झाल्यावर थांबू न्हाई."

"पोचला न्हाई माझा आवाज. मला कळतंय की!"

"जरा सबुरीनं घे."

"कसली सबुरी! पुन्हा देतो."

त्याने परत कानांत बोटं खुपसली, छाती भरून घेतली...

बाबा उठले. गुडघे धरत, कण्हत उठले, त्याच्यापाशी गेले आणि त्याची दोन्ही बोटं कानांतून ओढून काढली.

"सांगून झालं. आता ऐक."

"काय ऐकू?"

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

पंखे बंद, टीव्ही बंद, पिठाची गिरणी बंद. सगळं गाव गप्प होतं. मुनीरला स्वतःची छाती धडधडलेली ऐकू येत होती.

आणि मग ओढ्याच्या बाजूने आरोळी उठली.

"चाचीऽऽ! अजान झालीऽऽ!"

"म्हाकूमामा!" मुनीर कुजबुजला. म्हाकू धनगर रोज त्या वेळी ओढ्यावर मेंढरांना पाणी पाजायचा.

त्याच्या पुढे, कांद्याच्या रानातून, एका बाईचा आवाज आला. "अजान झाली होऽऽ!"

त्याच्याही पुढे माळाच्या चढावर कुणीतरी तेच ओरडलं. कोण ते कळलं नाही. आवाज दोऱ्याएवढा बारीक झाला, आणि संपला.

मुनीरने बाबांची बाही घट्ट धरली होती. श्वास घ्यायचंही त्याला सुचत नव्हतं.

काहीच नाही...

मग माळावरून तोच बारीक आवाज उलटा आला. रानातल्या बाईने तो झेलला. शेवटी ओढ्यावरून म्हाकूचा दणदणीत गळा सुटला.

"मुनीऽऽर! प्याली रं, प्याली! तांब्या रिकामा केला म्हातारीनं!"

मुनीरने अशी उडी मारली की कठडा हलला. तो हसत होता, रडत होता, बाबांना मिठी मारत होता. बाबांची टोपी पडली. त्याने खजूर तोंडात कोंबला, तो बीसकट गिळता गिळता वाचला.

"ऐकलं का, बाबा? पोचला! माझा आवाज वस्तीपातुर पोचला!"

"तुझा ओढ्यापाशीच संपला," टोपी झटकत बाबा म्हणाले.

मुनीर थबकला. ओढ्यावर म्हाकू अजून हात हलवत उभा होता.

मुनीर कठड्यावर ओणवा झाला, फाटक्या आवाजातच ओरडला, "म्हाकूमामाऽऽ! वर याऽऽ! खजूर खायला याऽऽ!"

तेवढ्यात गच्चीवरचा दिवा फडफडून लागला. भोंगा खरखरला.

"लाइट आली!" मुनीरने दोन्ही हात वर केले. "शुक्र हाय अल्लाचं!"

लाडलेबाबा तांब्यातलं पाणी प्याले, त्यांनी दाढी पुसली.

"उशीर केलास," ते म्हणाले. "गेली तवाच म्हनायचं हुतं."