मॅरोबेंडचा चढ

मॅरोबेंडचं अमेरिकन फुटबॉलचं मैदान पाहायला आलेला माणूस पहिल्यांदा थबकतोच. अमेरिकेच्या डोंगराळ कोळसापट्ट्यातलं हे गाव. व्यावसायिक संघाचं मैदान, वीस हजार खुर्च्या, झगझगीत दिवे, आणि मधलं हिरवंगार गवत मात्र चक्क तिरपं. उत्तरेचं टोक दक्षिणेपेक्षा चार फूट उंच. बांधणाऱ्यांची चूक झाली का, असं कुणी विचारलं, की मैदान दाखवणारे म्हातारे पावेल आधी पायरीवर टेकतात. गुडघे गेलेत त्यांचे. मग सांगू लागतात.

शंभर वर्षं झाली म्हणे. तेव्हा गावात खाणीशिवाय काही नव्हतं, आणि संघही खाणकामगारांचाच. ओंद्रेय हुदाक हा त्यांचा कप्तान. रुंद खांद्यांचा, अबोल माणूस. सहा दिवस जमिनीखाली कोळसा फोडायचा आणि सातव्या दिवशी चेंडू काखेत दाबून समोरच्या अकरा जणांवर धडका द्यायच्या, हे त्याचं आयुष्य. त्यांचा खेळ पाहून मोठ्या लीगने संघाला घ्यायचं कबूल केलं. अट एकच होती. डोंगरउतारावरचं ते मैदान पानगळीच्या आत सपाट झालं पाहिजे. सवय नसलेल्या पाहुण्यांनी चढावर खेळायचं, हा न्याय नव्हे.

मग खाणीतली पाळी संपली की तीच माणसं फावडी घेऊन मैदानावर जायची. उत्तरेची माती खणून दक्षिणेला टाकायची. ओंद्रेयचा धाकटा भाऊ मातूश सगळ्यांच्या पुढे असे. मैदान अर्धंअधिक उतरलं होतं, आणखी दोन आठवडे मिळते तर झालंही असतं, असं सांगतात.

तेवढ्यात खाणीचं छत कोसळलं. तिघं आत अडकले, त्यांत मातूश. मैदानावरची फावडी उचलून सगळे खाली धावले. पाच दिवस खणत होते. दोघं जिवंत निघाले. मातूश नाही.

त्याला पुरून ओंद्रेय घरी परतला, तर दारात लीगचा साहेब उभा. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो मैदान मोजून आला होता.

"चार फूट फरक आहे अजून," साहेब म्हणाला. "मला तुमचं नाव खोडावं लागेल."

"माती उचलायला माणसं नव्हती," ओंद्रेय म्हणाला.

"पण पाहुण्यांवर अन्याय होईल त्याचं काय?"

ओंद्रेयने दाराच्या चौकटीला खांदा टेकवला. "मग चढ आम्ही घेतो. दर सामन्यात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्यांनी उतारावर खेळावं. लिहून घ्या आणि मला आत जाऊ द्या."

गावातले लोक याला ओंद्रेयची शपथ म्हणतात. पावेलचे वडील त्या संघात होते. ते म्हणायचे, कसली शपथ? त्याला फक्त झोपायचं होतं.

पण साहेबाने लिहून घेतलं, आणि शब्द पाळावा लागला. या खेळात बाजू बदलत राहतात. मॅरोबेंडची बदलली नाही. अख्खा हंगाम ते चढावरच धडपडले. पाळीवरून आलेले पाय, वर ओली माती. एकामागून एक सगळे सामने हरले. एकदा मध्यंतरात कुणीतरी कळवळून म्हणालं, "ओंद्रेय, साहेब आता बघायला येतोय थोडाच!" ओंद्रेय बूट झटकून पुन्हा दक्षिणेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. बाकीचेही मागोमाग गेले.

शेवटच्या सामन्याला बंदरावरच्या हमालांचा संघ आला होता. त्यांचा कप्तान ब्रेनन नावाचा लाल मिशांचा गडी. खाणीतली हकिगत त्याला गाडीत कुणीतरी सांगितली होती म्हणे. ओंद्रेय नेहमीप्रमाणे खाली निघाला, तर ब्रेनन आधीच तिथे उभा.

"वर जा," ब्रेनन म्हणाला. "आज चढ आमचा."

"कबूल केलंय मी."

"तू केलंयस. मी काही कबूल केलेलं नाही."

ओंद्रेय तिथेच खाली बसला. भावाला पुरताना तो रडला नव्हता. त्या दिवशी सगळ्यांदेखत रडला, आणि बराच वेळ कुणी शिट्टी वाजवली नाही.

मॅरोबेंड तोही सामना हरलं. महिनोन्‌महिने चढावर खेळून उतारावर धावायची सवयच गेली होती. माणसं तोल जाऊन पुढे कोलमडत होती. हे सांगताना पावेल थोडे हसतात.

पुढे संघाला बरे दिवस आले, यंत्रंही आली. मैदान सपाट करू, असं तीनदा ठरलं आणि तीनदा गावाने नको म्हटलं. लीगच्या नियमाने आता बाजू बदलाव्याच लागतात. पण आजही इथे नाणेफेक जिंकणारा कप्तान पहिला चढ मागून घेतो. दुरून आलेले पाहुणेसुद्धा. त्यांना तसं करायला कुणी सांगत नाही.