शपथ न घेणारा सभासद

अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली होती. एका प्रांताच्या विधिमंडळावर जोसाया हॅडली निवडून आला. गावाला नदीवर पूल हवा होता, म्हणून लोकांनी त्याला मोठ्या आशेने पाठवलं होतं. पण जोसाया ख्रिस्ती धर्मातल्या क्वेकर पंथाचा. माणसाने नेहमीच खरं बोलावं, त्यासाठी वेगळी शपथ घेऊ नये, अशी त्या पंथाची शिकवण. म्हणून पहिल्याच दिवशी त्याने सभासदाची शपथ घ्यायला नकार दिला.

अध्यक्ष गरजले, "शपथ नाही, तर खुर्ची नाही! तुम्ही खरं बोलता हे आम्ही मानायचं तरी कसं?"

जोसाया शांतपणे म्हणाला, "अध्यक्षमहाराज, मी खोटारडा असतो, तर मघाशीच शपथ घेऊन खुर्चीत बसलो नसतो का?"

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली.

पुढे पूल झाला. गावकरी पाहुण्यांना तो अभिमानाने दाखवत आणि म्हणत, "हा आमच्या जोसायाच्या नुसत्या शब्दावर उभा आहे!"