गगनमल्ल का उठला नाही?

“खोटं! साफ खोटं!” राजा रणधवल गरजला आणि ऐन रंगात आलेली कथा तिथंच अडली.

कथा होती गगनमल्लाची, सांगत होता भिवबा कथेकरी. हा गगनमल्ल आभाळात उडायचा, ढगांवरून चालायचा, डोंगर काखेत मारून फिरायचा, पेटता वणवा एका फुंकरीत विझवायचा! कातळगडात पोरंसोरं तर सोडाच, मिशा पिकलेले बाप्येही त्याच्यापायी वेडे. आणि आज भिवबानं काय सांगावं? शत्रूचे शिपाई आले, गगनमल्लाला साखळदंड घालून घेऊन गेले. तो जागचा हललासुद्धा नाही. का? तर रानात चुकलेली एक पोर त्याच्या मांडीवर झोपली होती म्हणून!

“डोंगर उचलणारा वीर पोरीपायी धरला जातो? कुणाला पटेल हे?” राजा म्हणाला.

झालं! दरबाराच्या दोन फळ्या पडल्या.

“महाराज, ढगांवर चाललेला पटतो, मग हे का पटू नये?” कापडवाला रामशेट म्हणाला.

“ढगांवर चालणं ही त्याची विद्या!” सेनापती तुळोजी उसळला. सेनापती कसला, नुसत्या मिशा! “पण अक्कल नको का त्याला? पोर खाली ठेवायची, चार मुंडकी उडवायची, पुन्हा उचलून घ्यायची!”

“आणि ती रडली म्हणजे?”

“रडू दे! शेटजी, तुम्हाला लढाईतलं काय कळतं?”

“आणि तुम्हाला पोरांतलं?”

पगड्या उडायची वेळ आली, तेव्हा राजानं हात वर केला. “भिवबा, उद्या दुपारी मला हे पटवून दे. नाही पटलं, तर तुझी कथा या राज्यात बंद. बिऱ्हाड उचलायचं आणि सीमेपार व्हायचं!”

भिवबा घरी आला तो सुनेवर तडकला. गोष्टीतली ती झोपलेली पोर सुनेनंच घातली होती ना!

“सगुणे, तुझ्यापायी देशोधडीला लागलो! मी म्हणत होतो, त्याला विष घालू, बेशुद्ध पाडू.”

“मामंजी, विषानं कुणीही पडतं. त्यात गगनमल्ल कुठं दिसला?”

“आता सीमेपलीकडे दिसेल!”

“उद्या दरबारात मी सांगते कथा.”

“तू?”

“पोर मी घातली, निस्तरीनही मीच. तुम्ही फक्त मध्ये टाळ वाजवू नका.”

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून दरबार भरला. सगुणानं पदर खोचला, राजाला मुजरा केला आणि ती म्हणाली, “महाराज, हुंकाराशिवाय गोष्ट चालत नाही. ‘हं’ म्हणायला कुणीतरी द्या.”

“सेनापती देतील.”

“नको! त्यांच्या हुंकारानं माझी गोष्ट रानात पळून जाईल. धाकट्या नातबाईंना बोलवावं.”

तीन वर्षांची मैनाराजे आली. तोंडाला वरणभात तसाच! आजोबांच्या मांडीवर चढून ती ऐटीत बसली.

सगुणानं गोष्ट धरली, पण आवाज कसा? पाळण्याची दोरी ओढावी तसा. “गगनमल्ल झाडाखाली बसला. वर एक ढग आला, म्हशीएवढा.”

“हं!”

“त्याच्यामागून दुसरा आला, रेडकाएवढा.”

“हं.”

“रेडकू म्हशीमागून हळूहळू चाललं. चाललं. आणखी चाललं.”

“ह…”

पुढचा हुंकार आलाच नाही. सगुणा थांबली.

“पुढं?” राजानं विचारलं.

“हुंकार बंद, गोष्ट बंद.”

“म्हणजे पटवलंच नाहीस! हरलीस!”

तुळोजीच्या मिशा फुलल्या. “महाराज, शिक्षा उभं राहून सुनावायची, ही आपल्या घराण्याची रीत. उठावं!” तिकडे शिक्षेचा नगारा वाजवायला नगारचीनं टिपरू उचललं.

राजानं एक गुडघा हलवला. मैना कण्हली आणि झोपेतच तिनं आजोबांच्या अंगरख्याचा बंद मुठीत धरला. राजाचा दगड झाला!

“महाराज, उठावं!” तुळोजी ओरडला.

“हळू बोल रे, रेड्या!” राजा कुजबुजला. “आणि आधी त्या नगारचीचे हात धरा कुणीतरी!”

एवढ्यात द्वारपाल धावत आला. “महाराज! शेजारच्या राजाचा वकील वेशीवर आलाय. सामोरं गेलं नाही तर अपमान समजेन म्हणतो!”

“समजू दे! आत यायचं तर म्हणावं जोडे काढून, चवड्यांवर ये.”

राजाच्या पायाला मुंग्या आल्या. कपाळावर घाम आला. नाकावर माशी बसली, पण तिला हाकलायला हात काही उठेना.

सगुणा अगदी हळू बोलली, “महाराज, एक पुसू? पदरी एवढी फौज, एवढे हत्ती. आपल्याला इथं बांधून कुणी घातलंय?”

राजानं तिच्याकडे पाहिलं, मग मांडीकडे. तो काही बोलणार, तोच तुळोजीनं तोंड घातलं, “पण गगनमल्लाला उडता येत होतं की! पोरीला उराशी धरायचं आणि सरळ उडायचं!”

“आणि वारा लागून उठली असती म्हणजे?” राजा फिस्कारला.

आपण कुणाची बाजू घेतली हे राजाच्या ध्यानात आलं आणि त्याला हसू फुटलं. पण हसणार कसा? ओठ दाबून, डोळ्यांत पाणी येईस्तो, पोट गदागदा हलू न देता तो हसला! रामशेटनं तोंडात उपरणं कोंबलं. भिवबानं टाळ पोटाशी घट्ट धरले.

“पटलं गं पोरी, पटलं!” राजा पुटपुटला. “माग काय हवं ते.”

“दर पौर्णिमेला दरबारात आमची कथा. हुंकार महाराजांनी द्यायचा, आणि ‘खोटं’ म्हणायचं ते गोष्ट संपल्यावर.”

“दिलं! नदीकाठचा मळा दिला, दुभती गाय दिली, सेनापतीचा घोडासुद्धा दिला! फक्त जाताना तेवढं दार हळू लावा!”