बाजरीवरचा गहू

आटपाट नगर वगैरे काही नाही, चांगलं एसटी थांबणारं बाजारगाव होतं. तिथे शालन नावाची एक लेखिका राहायची. कुणाची नोकरी नाही की बांधिलकी नाही. लेख लिहायचा, साप्ताहिकाला द्यायचा, छापून आला की घरात चूल पेटायची.

पण लिहून लिहून बाईचे विषय आटले. झाडं लावा, पाणी वाचवा, आईची माया, सगळं दोन-दोनदा लिहून झालं. शेवटी संपादकांनी निक्षून सांगितलं की शनिवारपर्यंत नवा विषय आला नाही, तर सदर दुसऱ्याला देणार. सदर गेलं म्हणजे सगळंच गेलं. शालन घाबरली, पण खचली नाही. सकाळी दळणाचा डबा काखेला मारून ती बाहेर पडली. आज विषय मिळाल्याशिवाय घरचा उंबरा चढायचा नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं.

वाटेत जो भेटेल त्याला ती विषय विचारत सुटली. आता माणसाला असं विचारलं की तो लगेच भाषणाला उभा राहतो. हेडमास्तर म्हणाले, शिस्त. डॉक्टर म्हणाले, व्यायाम. पुजारी म्हणाले, श्रद्धा. शालनने कपाळाला हात लावला.

गिरणीत आली तेव्हा बाजरी दळून नुकतीच संपत होती. एरवी ती डबा ठेवून निघून जायची आणि संध्याकाळी पीठ न्यायची. आज घरी जायचं नव्हतं, म्हणून बाकावर बसून राहिली. हणमंत गिरणीवाल्याने विचारलं की आता गहू, कुणाचा घालू? गव्हाचे डबे घेऊन तिघी बसल्या होत्या. तिघी एकदम गोड झाल्या. आधी तुमचा घ्या, छे छे, मला कुठली घाई! शालनला वाटलं, काय गुणाची माणसं आहेत आपल्या गावात.

तेवढ्यात हणमंतने सवयीने शालनचाच डबा उचलला. भागीरथीकाकू मुद्दाम खोकल्या. हणमंतने वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"माझा का? मी तर शेवटी आले," शालन म्हणाली.

कुणी काही बोलेना. अखेर काकूंनीच तोंड उघडलं. "दगडात बाजरी राहते गं. पहिला गहू पडतो त्यात ती उतरते आणि पीठ काळपट होतं. तू कधी थांबत नाहीस. जो समोर नाही त्याचा डबा पहिला, अशी रीतच आहे इथली."

शालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काळ्या पोळ्यांवरून इतकी वर्षं ती बिचाऱ्या वाण्याशी भांडत होती! डबा उचलावा आणि एकेकीला चांगलं सुनवावं, असं तिला वाटलं. सुनवलं असतं तर चुकलंही नसतं. पण मग सगळ्यांची तोंडं बंद झाली असती, आणि ती चांगला गहू आणि रिकामं डोकं घेऊन घरी गेली असती. तिने राग गिळला. डबा हणमंतपुढे सरकवला.

"घाला माझाच पहिला. पण काकू, आता सगळं सांगायचं."

मग काय विचारता! जावई यायचा असला की कोण पहाटेच नंबर लावते, कोण दगड धुवायला म्हणून मूठभर गहू वेगळा आणते, कुठल्या दोन जावा याच पायी एकमेकींशी बोलत नाहीत, सगळं बाहेर आलं. शालन उठलीच नाही. गिरणीचा पट्टा थांबेपर्यंत का, कशासाठी, विचारत राहिली. त्या आठवड्यात तिने काळपट पोळ्या खाल्ल्या आणि लेख लिहिला.

शनिवारी संपादकांनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "या गिरणीत तू वर्षानुवर्षं जातेस. मग हे तुला आजच कसं दिसलं?"

"मी कुठे जात होते साहेब?" शालन म्हणाली. "डबा जात होता."

तात्पर्य: विषय दारोदार मागून मिळत नाही, जिथून आपण रोज घाईने निघून जातो तिथे थांबावं, आणि लागलेला राग गिळून 'का?' विचारावं.