चाळणी आणि वायरिंगचा फोटो

गोष्ट फार जुनी नाही, पण कॉम्प्युटरच्या मानाने पुराणकाळातली. गावच्या पाणीपुरवठ्याच्या सामायिक फोल्डरमध्ये एक फोटो राहायचा. वायरमनने कागदावर काढलेल्या पंपाच्या वायरिंगचा तो फोटो. अंगभर अक्षरं, बाण आणि खुणा.

एके सकाळी पंप बंद पडला. पाणीपुरवठा सांभाळणाऱ्या चंद्रकलाताईंनी शोधाच्या चौकटीत 'पंप' लिहिलं आणि 'फक्त दस्तऐवज' यावर बोट दाबलं. लगेच फोल्डरच्या दारात चाळणी, म्हणजे फिल्टर, येऊन उभी राहिली. फोटो लगबगीने पुढे झाला.

"आडनाव?" चाळणीने विचारलं.

"जेपीजी. पण बाई, माझ्या अंगावर काय लिहिलंय ते वाचा तरी."

"वाचणं माझं काम नाही. पीडीएफ, डॉक, टेक्स्ट, असली आडनावं दस्तऐवजांची. तू चित्रांच्या रांगेत जा."

तेवढ्यात 'पंप डॉट डॉक' नावाची फाइल ऐटीत आत गेली. ताईंनी ती उघडली, तर आत एक अक्षर नव्हतं. नळावर रिकामे हंडे वाजू लागले होते. ताईंनी वैतागून चाळणीच काढून टाकली. फोटो सापडला आणि दुपारी पंप सुरू झाला.

पुन्हा पंचाईत नको म्हणून ताईंनी त्या फोटोचीच पीडीएफ करून ठेवली. पुढच्या शोधाला तो दारात आला, तर चाळणी अदबीने बाजूला सरली.

"या साहेब, आत या."

"बाई, मी तोच. ओळखलं नाहीत?"

"असाल तेच," चाळणी म्हणाली, "पण तेव्हा घरंदाज नव्हता."